आधी कारण शोधण्याचे पैसे द्या, पार्टचे नंतर



या आठवड्यात आलेला एक प्रश्न व्हिडिओत पाच मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. प्रश्न विचारणारा तरुण भंडारदऱ्याच्या बाजूला एका शेतावर कॅम्प चालवतो. काजव्यांचा सीझन तोंडावर आलाय. मे महिन्याची अखेर ते पाऊस नीट लागेपर्यंतचे तीन-चार आठवडे, यातच त्याची वर्षाची निम्मी कमाई होते. सामान न्यायला त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेली जुनी बोलेरो पिकअप आहे, फोर बाय फोरची. तंबू, गाद्या, पाण्याचे जार, सिलेंडर, छोटा जनरेटर, सगळं त्यातच. शेवटचे चार किलोमीटर कच्चा, दगडांचा चढ.

आणि गाडी हीट घेते. सपाट रस्त्यावर काटा मध्यावर, चढाला लागली की पाऊण, कच्च्या रस्त्यावर लालच्या तोंडाशी.

त्याला तीन सल्ले मिळालेत. पहिला: "थर्मोस्टॅट काढून टाक, विषय संपला." दुसरा: "रेडिएटर नवा टाक, वॉटर बॉडी पण बदल, हेडचं पण बघून घेऊ." तिसरा, सगळ्यात लाडका: "पाण्याचे दोन कॅन ठेव गाडीत, टाकत टाकत जा. चालतंय!"

त्याचा प्रश्न साधा आहे. सर, यातलं कोणतं करू?

माझं उत्तर: यातलं एकही नाही. कारण तिघांनीही औषध सांगितलं, आजार कुणीच सांगितला नाही. मला वाटतं हा प्रॉब्लेम एका गाडीचा नाही. आपल्याकडच्या लहान धंद्यांची ही सवयच आहे. पार्टला पैसे देताना आपण फार विचार करत नाही, पण कारण शोधायला पैसे द्यायचे म्हटलं की जिवावर येतं.

मेकॅनिक पार्ट का बदलतो?

गॅरेजवाल्याला दोष देणं सोपं आहे. जरा त्याच्या खुर्चीत बसून बघा. तुम्ही गाडी आणली. त्याने दोन तास घालवले, पाइप चाचपले, बेल्ट पाहिला, शेवटी सांगितलं, "रेडिएटरची कॅप गेलीय, एवढंच आहे." कॅप काही शे रुपयांची. त्या दोन तासांचे तुम्ही किती द्याल? खरं सांगा. बहुतेक जण म्हणतील, "कॅपचे घ्या की, अजून कसले?"

आता त्याने काहीही न तपासता रेडिएटर बदलला, तर त्याला मजुरी मिळते, पार्टवर सुटतात ते वेगळे, आणि तुम्हीही खूश की काहीतरी मोठं काम झालं. म्हणजे नीट शोधणाऱ्याला आपण उपाशी ठेवतो आणि अंदाजाने बदलणाऱ्याला बक्षीस देतो. मग तो अंदाजाने बदलणार नाही तर काय करणार?

म्हणून माझं ठाम मत आहे. गॅरेजमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "दादा, आज काही बदलायचं नाही. फक्त कारण शोधा. शोधण्याचे वेगळे पैसे देतो, पार्ट निघो न निघो." रक्कम आधी ठरवा. हे वाक्य ऐकलं की चांगला कारागीर तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. आणि ज्याला शोधता येत नाही, तो इथेच चुळबुळ करायला लागतो. ही ओळखसुद्धा त्या पैशात वसूल होते.

"मशीनचं मेकॅनिकवर सोडा, तुम्ही मार्केटिंग करा"

हा सल्ला तुम्ही बऱ्याच सेमिनारमध्ये ऐकला असेल. मोठ्या कंपनीसाठी तो बरोबर असेलही. एका गाडीवर, एका ओव्हनवर, एका शिलाई मशीनवर ज्याचं घर चालतं, त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे. तुम्हाला हेड खोलता आलं पाहिजे असं मी म्हणत नाही. पण आपली गाडी थंड कशी राहते हे धंदेवाल्याला समजलंच पाहिजे, नाहीतर गॅरेजमध्ये तुम्ही फक्त मान हलवणार आणि बिल भरणार.

समजायला दहा मिनिटं लागतात. इंजिनभोवती कुलंट फिरतं. ते फिरवणारा पंप म्हणजे वॉटर बॉडी. गरम झालेलं कुलंट रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून जाताना हवेला उष्णता देतं आणि थंड होऊन परत जातं. हवा येते दोन वाटांनी: गाडी पळते तेव्हा समोरून, हळू चालते तेव्हा पंख्याने ओढून. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक दरवाजा असतो. इंजिन थंड असताना बंद, आणि साधारण ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतो. नेमका आकडा इंजिनप्रमाणे बदलतो, बऱ्याचदा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो.

आणि कॅप. ही फक्त झाकण नाही. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, भंडारदऱ्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण साडेसातशे मीटरवर, ९७-९८ अंशांनाच. कॅप आतला दाब धरून ठेवते म्हणून उकळण्याचा बिंदू वर जातो. ०.९ बारची कॅप नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळेल. कॅपचं रबर गेलं की हे वीस अंशांचं संरक्षण गेलं. रेडिएटर नवा असला तरी गाडी उकळणार.

म्हणजे संशयित पाचच: कुलंट कमी आहे, कुलंट फिरत नाही, हवा येत नाही, दाब टिकत नाही, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. यातला कोण, एवढंच शोधायचंय.

गाडी कधी गरम होते, हे लिहून काढा

गॅरेजला जाण्याआधी दोन दिवस एक वही गाडीत ठेवा. काटा कुठे होता, स्पीड किती, चढ की सपाट, एसी चालू की बंद, माल किती. नुसतं "हीट होते" हे वाक्य मेकॅनिकच्या काही कामाचं नाही.

हळू चालताना, ट्रॅफिकमध्ये, कच्च्या रस्त्यावर गरम होते आणि हायवेला थंड राहते? मग आधी हवेकडे बघा. हायवेला समोरून वारा मिळतो, हळू चालताना सगळी मदार पंख्यावर. पंख्याचा बेल्ट ढिला असेल, पंख्याचं व्हिस्कस कपलिंग गेलं असेल, पंख्याभोवतीचं कवच तुटलं असेल.

हायवेलाच, स्पीडला गरम होते? मग हवा भरपूर मिळतेय, कुलंट फिरण्यात अडचण असावी. रेडिएटर आतून चोक, खालचा पाइप आत ओढला जाऊन चपटा होतोय, पंपाची पाती झिजलीत, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय.

थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो? कुलंट रोज कमी होतं पण खाली कुठे थेंब नाही? पांढरा धूर, ऑइल दुधाळ? मग हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. आणि तो सुटेपर्यंत गाडी हलवायची नाही.

आपल्या मित्राची गाडी पहिल्या प्रकारात बसते. सपाट रस्त्याला ठीक, हळू चढाला लाल. म्हणजे रेडिएटर, वॉटर बॉडी आणि हेडवर पैसे घालायच्या आधी पंख्याकडे बघायला हवं. दोन दिवसांच्या वहीने एवढं सांगितलं, तेही फुकट.

स्वस्तापासून महागाकडे

तपासण्याचा क्रम माझ्या मते असा असावा. इंजिन पूर्ण थंड, किल्ली काढलेली.

पहिलं, समोरून बघा. जाळीवर काय काय लटकवलंय? जादा फॉगलॅम्प, जाड बंपर, गोंडे, आणि हो, आपल्याच कॅम्पचा फ्लेक्स! बॅनर जाळीवर बांधून गाडी चढाला नेणारे मी कितीतरी बघितलेत. जाहिरात दुसरीकडे लावा मंडळी, ती जागा हवेची आहे. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. तिथे चिखल, गवत, किडे यांचा थर बसतो आणि बाहेरून दिसत नाही. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर सोडा, आणि वॉशिंग सेंटरचा पूर्ण प्रेशर मारू नका, बारीक पत्रे वाकतात.

दुसरं, कुलंटची पातळी आणि रंग. गंजाचं लालसर पाणी दिसलं तर समजा कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलंय. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात, घरच्या गिझरमध्ये धरतात तसेच. कुलंट आपल्याकडे गोठण्यासाठी नाही, गंज आणि क्षार रोखण्यासाठी आणि उकळण्याचा बिंदू वाढवण्यासाठी लागतं. पण "जास्त घट्ट तितकं चांगलं" हेही चूक. निव्वळ कॉन्सन्ट्रेट उष्णता कमी वाहून नेतं. कंपनीने सांगितलंय त्या प्रमाणात, बहुतेक निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. नाहीतर तयार मिसळलेलं घ्या.

तिसरं, कॅप आणि पाइप. कॅपचं रबर चिरलेलं, स्प्रिंग मऊ, तर बदला, आणि त्याच दाबाचीच घ्या. पाइप दाबून बघा. फुगलेला, चिरा पडलेला, हाताला गिळगिळीत लागणारा पाइप ट्रिपला न्यायचा नाही.

चौथं, बेल्ट आणि पंखा. दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबावा, त्याहून फार जास्त दबला तर ढिला. व्हिस्कस पंखा असेल तर गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा गरगर फिरला तर कपलिंग गेलं.

पाचवं, थर्मोस्टॅट. हा काढून घरच्या पातेल्यात पाण्यात टांगा, थर्मामीटर लावा, पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि पाणी उकळायच्या आत नीट उघडला तर चांगला. नाही उघडला तर नवा. पण काढून फेकायचा नाही! "काढून टाक" म्हणणाऱ्यांच्या इंजिनला योग्य तापमान लवकर येत नाही, डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की कुलंट रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

सहावं, आता गॅरेज. हातपंपाने दाब देऊन गळती शोधणं, वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येतोय का आणि बेअरिंगला खेळ आहे का बघणं, कुलंटमध्ये जळका वायू येतोय का याची टेस्ट. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रेडिएटरवर फिरवून थंड पट्टे शोधा. थंड पट्टा म्हणजे तिथून कुलंट जातच नाही. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं दाखवतं, काळी टेप चिकटवून त्यावर मोजा. याच यंत्राने थर्मोस्टॅटच्या घराचं तापमानही घ्या. कधीकधी गाडी ठीक असते आणि काटाच खोटं बोलतो.

सातवं, गाडी खरंच जास्त उष्णता तयार करतेय का. ब्रेक चिकटताहेत? दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या जवळ हात न्या, एखादं चाक इतरांपेक्षा फार गरम असेल तर इंजिन त्या ब्रेकशी भांडत चाललंय. क्लच सरकतोय? इंजिन ऑइल कमी? आणि माल किती? कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरून "गाडी गरम होते" म्हणायचं, हे काही खरं नाही.

रेडिएटर आतून चोक निघाला तरी लगेच नवा घेऊ नका. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून, नळ्यांतून सळई घालून साफ करून देतो. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला मात्र बहुतेक वेळा बदलणंच परवडतं.

"सर, सुरुवातीला एवढे पैसे नसतात"

हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. हप्ता आहे, ॲडव्हान्स घेतलेला खर्च झालाय, गाडी उभी राहिली तर दिवस बुडतो. "चालतंय तोवर चालवू" हे आळशी माणूस म्हणतो असं नाही. खिसा रिकामा असलेला माणूससुद्धा तेच म्हणतो. हे मला कळतं.

पण हिशोब करून बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका. समजा ३० पाहुणे, माणशी १,८०० रुपये. ट्रिपचे ५४,००० रुपये. सामान न्यायला भाड्याची पिकअप ड्रायव्हरसकट समजा ५,००० रुपये. गाडी ठीक नाही म्हणून भाड्याची नेली तर नफा ५,००० ने कमी झाला. दुखतं, पण जगता येतं.

आता दुसरी बाजू. गाडी संध्याकाळी पाच वाजता चढावर उकळली. तंबू गाडीत, जेवणाचं सामान गाडीत, पाहुणे वर शेतावर उभे, अंधार पडतोय. टोचन करून गाडी खाली आणायची, पाहुण्यांचे पैसे परत करायचे, त्यांना राहायला कुठेतरी खोल्या बघायच्या. इंजिन जास्तच तापलं असेल तर हेड वाकतं, मग गॅस्केट, फेसिंग, मजुरी, आणि सीझनच्या मधोमध आठ-दहा दिवस गाडी गॅरेजमध्ये. विम्याच्या भरवशावर राहू नका, साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज धरत नाहीत. आणि त्या रात्रीचे फोटो पाहुणे इंटरनेटवर टाकतील ते वेगळंच.

म्हणजे ५,००० वाचवायला तुम्ही ५४,००० आणि पूर्ण सीझन पणाला लावताय. एवढी जोखीम पैसेवाल्याला परवडेल. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला तर ती अजिबात परवडत नाही. पैसे कमी असलेल्या धंद्याने जास्त सावध राहायचं असतं, आणि आपण नेमकं उलटं करतो.

यावर कायमचा उपाय एकच: प्रत्येक किलोमीटरमागे गाडीसाठी पैसे बाजूला काढणे. समजा किलोमीटरला ३ रुपये. महिन्याला १,५०० किलोमीटर चाललात तर ४,५०० रुपये, वेगळ्या खात्यात. हे पैसे तुमचे नाहीत, गाडीचे आहेत. गिऱ्हाइकाला रेट सांगताना ते आधीच धरा. डिझेल धरता ना? मग झीज का नाही? डिझेल आज लागतं, झीज सहा महिन्यांनी बिल पाठवते, एवढाच फरक.

परीक्षा गिऱ्हाइकाच्या आधी

दुरुस्ती झाली, मेकॅनिक म्हणाला "आता जा बिनधास्त". थांबा. गॅरेजच्या दारात उभी असलेली रिकामी गाडी थंडच राहणार. परीक्षा खऱ्या परिस्थितीत घ्या.

पाण्याचे २० लिटरचे ४० जार भरून गाडीत ठेवा. झाले ८०० किलो. गाडीच्या कागदावर तेवढा माल बसतो ना ते आधी बघा, नसेल तर जार कमी करा. दुपारी, भर उन्हात, त्याच चढाला, त्याच कच्च्या रस्त्याने, त्याच स्पीडने न्या. वर गेल्यावर इंजिन काही मिनिटं चालू ठेवून काटा बघा. परत या. रात्रभर गाडी थंड होऊ द्या, सकाळी कुलंटची पातळी बघा. रेषेवर आहे? दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा. दोन्ही दिवस पास, तरच गाडी ट्रिपला.

आणि निर्णयाची तारीख आजच ठरवा. ट्रिपच्या सात दिवस आधी, संध्याकाळी सहा वाजता. तोवर गाडी पास झाली नाही तर भाड्याची गाडी बुक करायची, चर्चा नाही. आदल्या रात्री आपण सगळे आशावादी असतो. "बघू उद्या" म्हणायला फार सोपं जातं. सात दिवस आधी डोकं जरा ठिकाणावर असतं.

चढावर गेल्यावर

गाडी पास झाली तरी काही नियम ड्रायव्हरला लिहून द्या. कच्च्या चढाला लो गिअर टाका. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असतं आणि पंपही हळू फिरतो, पंखाही. गिअर खालचा घेतला की इंजिन मोकळं चालतं, पंखा जोरात फिरतो.

काटा वर चालला तर आधी एसी बंद, हीटर असेल तर फुल. हो, उकाड्यात हीटर! तो इंजिनचीच उष्णता केबिनमध्ये ओढतो, म्हणजे एक छोटा जादा रेडिएटर. तरीही चढला तर सावलीत थांबा, बॉनेट उघडा. कुलंट आहे, बेल्ट शाबूत आहे, तर इंजिन थोडा वेळ आयडलला चालू द्या. वाफ निघतेय, बेल्ट तुटलाय, कुलंट सांडलंय, तर ताबडतोब बंद. आणि एक लक्षात असू द्या: कुलंट पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येऊ शकतो. काटा अचानक पडला म्हणून खूश होऊ नका.

गरम गाडीची कॅप उघडायची नाही. कधीच नाही, फडकं लावूनसुद्धा नाही. आतलं उकळतं पाणी तोंडावर, हातावर येतं आणि माणूस कायमचा भाजतो. निदान पाऊण तास थांबा, पाइप हाताला मऊ आणि कोमट लागेपर्यंत. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. "दोन कॅन पाणी ठेव आणि टाकत टाकत जा" या सल्ल्यात हे दोन्ही धोके आहेत, म्हणून तो मला सगळ्यात वाईट वाटतो. पाण्याचे कॅन जरूर ठेवा, पाच लिटर कुलंट, एक बेल्ट, पाइप, क्लिपा ठेवा. पण ते अडचणीसाठी. कॅनच्या भरवशावर ट्रिप ठरवायची नाही.

आणखी दोन गोष्टी. मालवाहू परवान्याच्या गाडीत पाहुणे बसवायचे नाहीत, कितीही हौस असली तरी. आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत रस्ता सोडून गाडी घालायची नाही. काजवे झाडांवर आणि गवतात असतात, आणि तुमचा धंदा त्यांच्यावरच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: "थांबायचं" हे म्हणण्याचा अधिकार ड्रायव्हरला द्या, आणि त्यासाठी त्याला ओरडू नका. मालक फोनवर "अरे ये रे लवकर, लोक थांबलेत" म्हणत असेल तर ड्रायव्हर काट्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. माझ्या मते बरीच इंजिनं कुलंट संपल्यामुळे नाही, मालकाच्या फोनमुळे जळतात.

तुमच्या धंद्यालाही हेच लागू

तुमच्याकडे गाडी नसेल, तरी शोधण्याचे पैसे द्यायची ही सवय लावून घ्या. विक्री कमी झाली की आपण लगेच जाहिरात बदलतो, दुकानाचा रंग बदलतो, माणूस बदलतो. हे सगळे पार्टच. कधी कमी झाली, कोणत्या मालाची, कोणत्या दिवशी, कोणतं गिऱ्हाईक यायचं थांबलं, याची दोन आठवड्यांची वही कुणी ठेवत नाही. हिशोबनीसाला रिटर्न भरायचे पैसे देतो, पण "माझा पैसा गळतोय कुठे ते एकदा बसून शोधा" असं सांगून त्याच्या दोन तासांचे पैसे कुणी देत नाही.

आणि उलट बाजूनेही बघा. तुम्ही स्वतः इलेक्ट्रिशियन असाल, टेलर असाल, कॉम्प्युटर दुरुस्त करत असाल, तर तपासणीचे पैसे मागायला लाजू नका. "बघण्याचे एवढे, काम केलं तर त्यातून वजा" अशी पाटी लावा. काही गिऱ्हाइकं जातील. जी राहतील ती तुमच्या डोक्याचे पैसे देणारी असतील, आणि तुम्हाला खोटा पार्ट विकायची गरज पडणार नाही.

तर प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी आजचं काम एवढंच: वही घे, दोन दिवस लिही. जाळीवरचं सगळं काढ, फट धू, कॅप बघ, बेल्ट बघ, पंखा हाताने फिरवून बघ. मग गॅरेजला जा आणि शोधण्याचे पैसे आधी हातात ठेव. भाड्याच्या पिकअपवाल्याचा नंबर मात्र आजच घेऊन ठेव. गाडी पास झाली तर तो नंबर लागणारच नाही, चहाला बोलाव त्याला. नाही झाली तर तुझे पाहुणे तरीही काजवे बघतील, आणि त्यांना गाडी कुणाची होती याच्याशी काहीही देणंघेणं नसेल.

सीझनला शुभेच्छा. बाकीच्यांनी आपापल्या गाडीची कॅप या रविवारी उघडून बघा. थंड गाडीची बरं का!